हॅलिबर्टनला का सोडलं? रिबिल्डमधल्या पोरांच्या ट्रेडची मागची गोष्ट

ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये भारतातल्या पहिल्या एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, मॅचेस झाल्या, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, आणि पहिलीच मॅच ओव्हरटाइमला जाऊन पेसर्सनी 132-131 अशी एका पॉइंटने मारली. तेव्हा डोमँटस सबोनिस पेसर्सकडे होता, बडी हील्ड आणि डिॲरन फॉक्स किंग्जकडे. मग फेब्रुवारी 2022 मध्ये याच दोन टीम्सनी ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, केला, सबोनिस सॅक्रामेंटोला गेला, हील्ड इंडियानाला, आणि हील्डसोबत टायरीस हॅलिबर्टन, वय 21, लीगमधलं जेमतेम दुसरं वर्ष. रिबिल्ड, म्हणजे टीम नव्याने उभारणं, चालू असलेल्या टीमने आपलं तरुण पोरगं द्यावं का हा वाद निघाला की हा ट्रेड येतोच, पण तो समजायचा तर बरंच मागे जावं लागतं.

मुळात तरुण प्लेअरला एवढा भाव आला तो पैशामुळे. 1994 मध्ये ग्लेन रॉबिन्सनने एकही मॅच खेळायच्या आधी 10 वर्षांचा 6.8 कोटी डॉलरचा करार केला, त्यावर ओरड झाली आणि 1995 पासून लीगने नवख्यांचे पगार ठरवूनच टाकले, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, ज्या नंबरला निवडला त्याप्रमाणे पगार. आता पहिल्या राउंडमधल्या पोराचा करार जास्तीत जास्त चार वर्षांचा असतो, म्हणजे चार वर्षं स्टार खेळाडू स्वस्तात मिळतो आणि त्यानंतर एकदम मोठं बिल येतं. माझ्या मते रिबिल्डमधल्या बहुतेक चुका याच बिलाच्या भीतीने नाहीतर मालकाच्या घाईने होतात, पोरगं नेमकं किती चांगलंय हे शांतपणे बघून क्वचितच कोणी ठरवतं.

शांतपणे बघितलं ते बॉस्टनने. 2006-07 मध्ये त्यांची टीम सेल्टिक्स 24 विजय आणि 58 पराभव, त्यात सलग 18 पराभव, सगळी आशा ड्राफ्टमधले पहिले नंबर ठरवणाऱ्या लॉटरीवर की ओडन नाहीतर ड्युरँट, त्या वर्षीची दोन सगळ्यात नावाजलेली पोरं, यांतलं एक मिळेल, आणि नंबर लागला पाचवा! टीमचा कारभार बघणाऱ्या डॅनी एंजने तो पिक, म्हणजे निवडायचा हक्क, देऊन रे ॲलन आणला आणि मग अल जेफरसन, जो तेव्हा 22 वर्षांचा आणि टीमचा सगळ्यात भरवशाचा तरुण होता, त्याच्यासकट पाच प्लेअर आणि दोन पिक देऊन केव्हिन गार्नेट घेतला. पुढच्याच सीझनला 66 विजय आणि 2008 ची चॅम्पियनशिप. लोक हे उदाहरण देतात आणि म्हणतात बघा, पोरं विकली म्हणून जिंकले. पण 21 वर्षांचा राजॉन राँडो त्यांनी हातचा जाऊ दिला नाही, तोच फायनलमध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा, होता, हे सांगायचं राहूनच जातं.

गोल्डन स्टेटचंही तसंच. मार्च 2012 मध्ये त्यांनी मॉन्टा एलिस, फॅन्सचा लाडका, मिलवॉकीला दिला आणि बदल्यात आणला अँड्र्यू बोगट, जो तेव्हा पाय मोडून बसलेला. आठवड्याभरात टीमचा जुना स्टार ख्रिस मलिनची जर्सी रिटायर करायचा, म्हणजे त्याचा नंबर परत कोणाला न द्यायचा, कार्यक्रम होता, मालक जो लेकब माइकवर आला आणि अख्ख्या स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली, बोलूच देईनात, शेवटी मलिनला आणि आणखी एक जुना स्टार रिक बॅरीला मध्ये पडून लोकांना गप्प करावं लागलं. सगळ्यांना दिसत होतं ते एवढंच की एलिस गेला. टीमला दिसत होतं की स्टीफन करी आणि एलिस, दोन बुटके गार्ड एकत्र नाही चालणार आणि दोघांतला ठेवायचा तो करी, त्याचा घोटा तेव्हा सारखा दुखावत असूनसुद्धा! 2015 ला ते चॅम्पियन झाले.

आणि मग ओक्लाहोमा सिटी, जिथे मला अजूनही वाईट वाटतं. ड्युरँट, वेस्टब्रुक, हार्डन, तीन वर्षांत तीन ड्राफ्टमधून आलेली पोरं, 2012 ला फायनल खेळली. हार्डनचं बिल आलं, नव्या नियमांत लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारावर जास्त खर्च करणाऱ्या टीमला बसणारा दंड, कडक होणार होता, पगारावर एकमत झालं नाही आणि सीझन सुरू व्हायला काही दिवस असताना त्याला ह्यूस्टनला पाठवलं. बदल्यात केव्हिन मार्टिन, जेरेमी लॅम आणि पिक, त्यातल्या एकातून स्टीव्हन ॲडम्स मिळाला. पण ड्युरँट, वेस्टब्रुक आणि हार्डन तिघंही पुढे एमव्हीपी, म्हणजे सीझनचे सर्वोत्तम खेळाडू, झाले आणि तिघं मिळून ओक्लाहोमाला एकही टायटल नाही मिळालं.

हार्डनला पाठवणारा ओक्लाहोमाचा मॅनेजर सॅम प्रेस्टी, त्यानेच 2019 मध्ये उलटं केलं. टीमचा स्टार पॉल जॉर्जला लॉस एंजेलिसला जायचं होतं, तर प्रेस्टीने तिथल्या क्लिपर्सकडून पाच पहिल्या राउंडचे पिक घेतलेच पण वर शे गिल्जस-अलेक्झांडर मागितला, ज्याचा लीगमध्ये एकच सीझन झाला होता. त्या पिकमधल्या एकातून 2022 ला जेलन विल्यम्स आला. जोश गिडी मात्र 21 व्या वर्षी शिकागोला गेला आणि त्याच्या जागी आला तिशीतला ॲलेक्स करूसो, कारण तोवर कोण आपला आणि कोण नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं.

आता परत सॅक्रामेंटोकडे. 2006 नंतर प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, नाही, फॉक्स आणि हॅलिबर्टन दोघांनाही बॉल हातात हवा, दोघांतला एक निवडायचा होता आणि त्यांनी फॉक्स निवडला. खरं सांगायचं तर 2023 ला त्याचं फळही मिळालं, 48 विजय, 16 सीझनचा दुष्काळ संपला आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सबरोबर सात मॅचेस रंगल्या, त्या शहराला तो आनंद हवाच होता, तो मी कमी लेखणार नाही. पण फेब्रुवारी 2025 ला फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला, आणि त्याच जूनमध्ये हॅलिबर्टनने फायनलची पहिली मॅच 0.3 सेकंद उरलेले असताना जिंकून दिली. समोर ओक्लाहोमाच होतं. सबोनिसही मुळात 2017 ला ओक्लाहोमाने पॉल जॉर्ज घेताना इंडियानाला दिलेला, म्हणजे त्या फायनलमधल्या दोन्ही टीम्स एकाच पॉल जॉर्जच्या दोन ट्रेडमधून उभ्या राहिलेल्या. सातव्या मॅचमध्ये पहिल्याच क्वार्टरला हॅलिबर्टनचा टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला आणि तो कोर्टवर हात आपटत राहिला, कप ओक्लाहोमाने नेला.