शाळांमधलं रेडॉन मोजमाप

रेडॉन हा किरणोत्सारी वायू, याला रंग नाही, वास नाही, चव नाही, त्यामुळे वर्गात तो आहे की नाही हे मोजल्याशिवाय कळतच नाही. जमिनीतल्या युरेनियमचं विघटन होत होत रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन बनतो, मग फरशीच्या भेगा, पाइपांभोवतीच्या फटी असं जिथून जमेल तिथून तो इमारतीत शिरतो. त्याच्यापासून तयार होणारे पोलोनियमचे कण फुफ्फुसात चिकटतात आणि कॅन्सरचा धोका वाढतो.

अमेरिकेत 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्टॅनली वॉट्रस यांच्या घरात प्रचंड रेडॉन सापडला आणि हा विषय एकदम ऐरणीवर आला. तिथल्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, शाळांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचनाच काढल्या. जमिनीला टेकलेली आणि रोज वापरातली प्रत्येक खोली मोजायची, एक मोजून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा नाही, कारण शेजारशेजारच्या दोन वर्गांचे आकडे पार वेगळे येऊ शकतात. मोजायची वेळ म्हणजे थंडीचे दिवस, खिडक्या-दारं बंद, शाळा चालू असलेला आठवडा.

रेडॉन धरून ठेवणाऱ्या कोळशाची छोटी डबी उघडून 2 ते 5 दिवस वर्गात ठेवतात, मग झाकण घट्ट लावून लगेच लॅबला. लगेच हे महत्त्वाचं, कारण रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो, डबी टपालात आठवडाभर पडली तर पाऊणच्या आसपास रेडॉन संपलेला असतो. ईपीएच्या हिशेबाने रीडिंग 4 पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजे 148 बेकरेल प्रति घनमीटर (ही दोन्ही किरणोत्सार मोजायची एककं) किंवा जास्त आलं तर पुन्हा टेस्ट करायची. डब्ल्यूएचओ 100 बेकरेलच्या आत ठेवा म्हणते, ते जमलंच नाही तर निदान 300 च्या वर नको.

शाळेची खरी गोम वेळेची आहे. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पंखे-एसी बंद राहिले की रेडॉन साचतो, डबी तोही धरते, पण मुलं वर्गात असतात फक्त दिवसाचे काही तास. म्हणून पहिलं रीडिंग जास्त आलं तर तासागणिक मोजणारं मशीन लावून शाळेच्या वेळेतला आकडा बघावा हे मला फार गरजेचं वाटतं.

जास्त मुदतीच्या मोजणीसाठी एलआर-115 नावाची, किरणोत्साराच्या खुणा टिपणारी फिल्म वापरतात, आपल्याकडे ट्रॉम्बेच्या बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने, तिच्यावर चालणारे डोसिमीटर, म्हणजे किरणोत्सार मोजायची साधनं, बनवलेत. लालसर फिल्म, काही महिने टांगायची, मग कॉस्टिक सोड्यात धुवायची, रेडॉनमधून बाहेर पडणारे अल्फा कण जिथे घुसले तिथे मायक्रोस्कोपखाली बारीक उजळ भोकं दिसतात, ती मोजायची. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात खाली बेसॉल्ट आहे आणि त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम, म्हणजे रेडॉनचं मूळच, कमी असतं.