राजवाड्याची खिचडी मऊ आणि आमची दगड, असं का?

परवा एकादशीची उरलेली साबुदाणा खिचडी फ्रिजमधे ठेवली, दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर नुसता गोळा, चमचा वाकेल इतका कडक. आई म्हणाली, "पाण्याचा हबका मार आणि वाफ दे." दिली, पाच मिनिटात मऊ. पण इंदूरला आमच्या रामबागेतून राजवाड्यावर गेलं की तिथला खिचडीवाला तासन्‌तास मऊ खिचडी देत असतो, कारण तो ती उकळत्या पाण्याच्या वाफेवरच ठेवतो, थंड होऊच देत नाही.

साबुदाणा म्हणजे टॅपिओका या कंदाचा स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब माळा, अमायलोजच्या जवळजवळ सरळ आणि अमायलोपेक्टिनच्या फांद्या फुटलेल्या. कच्च्या कणात त्या घट्ट रचलेल्या असतात, पाणी आणि साधारण 60 ते 70 अंश उष्णता मिळाली की रचना मोडते, कण फुगतो. खिचडी परतताना पांढरा दाणा काचेसारखा दिसायला लागतो ना, तेच ते. गार झालं की माळा परत एकमेकींना चिकटायला लागतात, आणि फ्रिजच्या 4 अंशांच्या आसपास तर हे भराभर होतं. शिळा भात, पोळी, सगळ्यांची हीच गत.

आता हे चिकटणं टाळायला केमिस्ट काय करतो, स्टार्च पाण्यात कालवतो, थोडा कॉस्टिक सोडा घालतो आणि अ‍ॅसिटिक अनहायड्राइड थेंब थेंब सोडतो. प्रत्येक ग्लुकोजला हायड्रॉक्सिलचे (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे) साधारण तीन हात असतात, त्यातल्या मोजक्याच हातांना अनहायड्राइडमधला अ‍ॅसिटिल गट चिकटतो (खाण्याच्या स्टार्चमधे 2.5 टक्क्यांपर्यंतच चालतो) पण तेवढ्यानेही माळांना खेटून बसता येत नाही, लोकलच्या सीटवर मधे कुणीतरी बॅग ठेवल्यासारखं! सॉसच्या बाटलीवर घटकांच्या यादीत 1422 हा नंबर दिसला तर तो असाच स्टार्च, त्यात माळांना आपसात टाकेही घातलेले असतात म्हणजे उकळलं तरी कण फुटत नाही.

हे खरंच झालं का ते कळतं डीएससी नावाच्या, उष्णता मोजणाऱ्या मशीनवर. अ‍ॅल्युमिनियमच्या चिमुकल्या डबीत दोन-तीन मिलीग्रॅम स्टार्च आणि पाणी, बाजूला तशीच एक रिकामी डबी, आणि मिनिटाला 10 अंशांनी तापवत जायचं. रचना मोडताना स्टार्चवाली डबी जास्त उष्णता खाते, ग्राफवर खड्डा पडतो. अ‍ॅसिटिल लावलेल्याचा खड्डा कमी तापमानालाच येतो आणि उथळही असतो, म्हणजे रचना आधीच सैल झालेली.

खरी गंमत पुढे आहे. तीच डबी आठवडाभर फ्रिजमधे ठेवून परत तापवली की साध्या स्टार्चचा खड्डा पुन्हा दिसतो, पण आता 50-60 अंशांनाच, अ‍ॅसिटिलवाल्याचा अगदी बारीक. आईची पाच मिनिटांची वाफ इथेच काम करते, फांद्यावाल्या माळा तेवढ्यात सुटतात. अमायलोजच्या सरळ माळा मात्र एकदा चिकटल्या की 120 अंशांच्या वर गेल्याशिवाय सोडत नाहीत, वाफ बिचारी 100 ला थांबते, म्हणून खिचडी मऊ होते पण ताजीसारखी काही लागत नाही.