जैवउपचार: तेलाने खराब झालेली माती जिवाणूंकडून साफ करणं

जैवउपचार किंवा बायोरेमेडिएशन म्हणजे माती, पाणी, गाळ यात मिसळलेली घातक रसायनं जिवाणू आणि बुरशी यांच्याकडून संपवून घेणं. सगळ्यात जास्त वापर होतो तेलाने खराब झालेल्या जमिनीवर, म्हणजे रिफायनरीचे गाळाचे खड्डे, फुटलेली पाइपलाइन, तेलविहिरीच्या आसपासची माती वगैरे. डिझेल काय किंवा क्रूड काय, त्यात मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच असतो, काही जिवाणूंना तो अन्न म्हणून चालतो, ऑक्सिजन मिळाला की ते त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात आणि त्यावरच वाढतात.

बऱ्याच जणांना वाटतं की बाहेरून कसलेतरी खास जिवाणू आणून टाकले की झालं काम. पण तेल खाणारे जिवाणू बहुतेक वेळा त्याच मातीत आधीपासून असतात, अडतं ते नायट्रोजन आणि फॉस्फरसवर, कारण तेलात कार्बन भरमसाट आणि हे दोन जवळजवळ नाहीतच. म्हणून 100 भाग कार्बनला 10 भाग नायट्रोजन आणि 1 भाग फॉस्फरस असा ढोबळ हिशोब धरून खत मिसळतात. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं तेव्हा किनाऱ्यावर हेच केलं, जिवाणू नाही तर खत मारलं, आणि साधारण दोन आठवड्यांत खत मारलेल्या पट्ट्यातले दगड बाकीच्यांपेक्षा नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसायला लागले.

जमिनीवरचं काम शेतीसारखंच आहे. खाली प्लास्टिकचं लायनर, त्यावर तेलकट माती पातळ थरात पसरायची, युरिया आणि फॉस्फेट टाकायचं, ट्रॅक्टरने वरचेवर उलटीपालटी करायची आणि वाफसा टिकवायचा. पाणी जास्त झालं की मातीतली हवा संपते आणि काम थांबतं, माती कोरडी पडली तरी तेच, आणि थंडीत सगळंच मंदावतं. काही ठिकाणी माती न खणता पाइपमधून आत हवा सोडतात.

तरी काही ठिकाणी जिवाणू बाहेरूनही टाकतात, भारतात टेरी या ऊर्जा आणि पर्यावरणावर काम करणाऱ्या संशोधन संस्थेने बनवलेलं ऑइलझॅपर हे तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात पाच जातींचे जिवाणू आहेत, कारण तेलाचे सगळे घटक एकाच जातीला पचत नाहीत, आणि ते मक्याच्या कणसाच्या भुशात मिसळून पिशव्यांमधून साइटवर नेतात. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्याला लागलं, त्या साफसफाईतही ते वापरलं गेलं. शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्तींनी प्रयोगशाळेत तयार केलेला तेल खाणारा जिवाणूसुद्धा खूप गाजला, 1980 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याचं पेटंट मान्य केलं, पण तो प्रत्यक्ष तेलगळतीवर कधी सोडलाच नाही.

ही पद्धत खणून जाळण्यापेक्षा स्वस्त पडते आणि माती माती म्हणून शिल्लक राहते, माझ्या मते हा सगळ्यात मोठा फायदा. पण वेळ लागतो, महिने काय, कधी वर्षंही. तेलातले कार्बनच्या साध्या सरळ साखळीचे घटक लवकर जातात, डांबरासारखा जड भाग मात्र बराच काळ उरतो. शिसं, पारा, कॅडमियम हे धातू तर मूलद्रव्यं, त्यांना कोणताच जिवाणू नष्ट करू शकत नाही, फार तर त्यांचं रूप बदलतं. आणि ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या क्लोरीन असलेल्या सॉल्व्हंटचं (म्हणजे ग्रीस वगैरे विरघळवणाऱ्या द्रवाचं) गणित उलटं आहे, डिहॅलोकोकॉइडिस हे जिवाणू त्यातला क्लोरीन ऑक्सिजन नसतानाच काढतात, पण प्रक्रिया अर्धवट राहिली तर मध्येच व्हिनाइल क्लोराइड साचतं, जे कॅन्सरकारक आहे, म्हणून तिथे मूळ रसायन कमी झालं एवढं बघून भागत नाही, सगळा क्लोरीन निघून शेवटी इथिलीन बनतंय का हेही तपासावं लागतं.