ज्युरीने दिलेले पैसे: भरपाई किती आणि दंड किती

अमेरिकेतल्या कोर्टांचा विषय निघाला की कुणीतरी मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीची गोष्ट काढतंच, की एका बाईने स्वतःच्याच अंगावर कॉफी सांडून घेतली आणि करोडपती झाली. गोष्ट अशी फिरते कारण ज्युरीने, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, दिलेले दोन वेगवेगळे पैसे आपण एकाच ढिगात टाकतो. एक असतात भरपाईचे, म्हणजे कॉम्पेन्सेटरी डॅमेजेस, आणि दुसरे दंडाचे, प्युनिटिव्ह डॅमेजेस. दोन्ही देते तीच ज्युरी, दोन्ही जातात (बहुतेक वेळा) त्याच माणसाच्या खिशात, म्हणून लोकांना वाटतं की दंड म्हणजे जरा सढळ हाताने दिलेली भरपाई. तसं अजिबात नाहीये. भरपाई ठरवताना ज्युरी बघते ज्याला लागलंय त्याच्याकडे, याचं काय काय गेलं. दंड ठरवताना बघते ज्याच्यामुळे लागलं त्याच्याकडे, हा वागला कसा.

आता कॉफीचीच केस घ्या. १९९२, न्यू मेक्सिकोमधलं अल्बुकर्की. आजी ७९ वर्षांच्या, गाडी उभी होती आणि चालवतही त्या नव्हत्या, कप मांडीत धरून झाकण काढताना सांडली. कॉफी ठेवायचे १८० ते १९० फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या हिशोबाने ८२ ते ८८ सेल्सिअस, मांड्यांवर थर्ड डिग्री बर्न्स, आठ दिवस हॉस्पिटल, स्किन ग्राफ्टिंग. त्यांनी आधी २० हजार डॉलर मागितले होते आणि कंपनीने ८०० देऊ केले! मग १९९४ ला केस ज्युरीपुढे गेली. भरपाई ठरली २ लाख डॉलर, पण ज्युरी म्हणाली २० टक्के चूक आजींचीपण आहे, म्हणून राहिले १ लाख ६० हजार. इथवर करोडपती वगैरे काही नाही. जगभर गाजला तो दंडाचा आकडा, २७ लाख डॉलर, आणि तो आजींच्या जखमांवरून काढलेलाच नव्हता. कंपनीकडे अशाच भाजल्याच्या ७०० हून जास्त तक्रारी आधीच आलेल्या होत्या तरी कॉफी तेवढीच गरम ठेवली, हे ज्युरीला खटकलं, आणि आकडा आला मॅकडोनाल्ड्सच्या साधारण दोन दिवसांच्या कॉफी विक्रीवरून. पुढे जजने तो दंड कापून ४ लाख ८० हजारांवर आणला, भरपाईच्या तिप्पट, आणि शेवटी दोघांनी बाहेरच सेटलमेंट केली. गोष्ट सांगणारे हा भाग कधीच सांगत नाहीत.

ज्युरी चर्चेच्या खोलीत बसल्यावर काम कसं चालतं ते बघू, कॅलिफोर्निया धरते कारण तिथे आपले लोक भरपूर आहेत आणि सिटिझन झालं की ज्युरी ड्यूटीचं पत्र आज ना उद्या येतंच. १२ जण, निकालाला ९ पुरतात, गंमत म्हणजे प्रत्येक प्रश्नाला तेच ९ असायला हवेत असंही नाही. हातात व्हर्डिक्ट फॉर्म, म्हणजे निकाल भरायचा कागद, असतो, त्यात आधी दोषाचे प्रश्न आणि मग रकान्यांमागून रकाने: आत्तापर्यंत बुडालेला पगार, आत्तापर्यंतचा दवाखान्याचा खर्च, पुढे बुडणारा पगार, पुढचा खर्च. हे सोपं म्हणजे निदान हिशोबाचं तरी, बिलं समोर असतात, दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ येऊन आकडेमोड करून गेलेले असतात. खरी पंचाईत खालच्या रकान्यांत, वेदना, मनस्ताप, जगण्यातली गेलेली मजा. इथे जज स्पष्ट सांगतो की याला ठरलेलं माप नाही, पुरावा बघा आणि अक्कल वापरून वाजवी आकडा ठरवा. आपल्याकडे मोटार अपघाताच्या क्लेममध्ये ट्रायब्युनल वय बघून उत्पन्नाला मल्टिप्लायर, म्हणजे ठरलेला गुणक, लावतं, २००९ च्या सरला वर्मा निकालापासून त्याचा सरळ तक्ता आहे, पण अमेरिकेतल्या ज्युरीला दुखण्यासाठी असा कुठलाही तक्ता मिळत नाही.

मग काय होतं, एक म्हणतो ५० हजार, दुसरी म्हणते ५ लाख, आणि कुणाला तरी सुचतंच की सगळ्यांनी चिठ्ठीवर आकडा लिहा, बेरीज करा, बाराने भागा. यातही मेख आहे. येणारी सरासरी आपण मान्य करू असं आधीच ठरवून केलं तर तो गैरप्रकार धरतात आणि निकाल रद्द होऊ शकतो. नुसतं चर्चेला सुरुवात म्हणून सरासरी काढली आणि मग त्यावर वाद घालून ठरवलं तर चालतं. वकिलांवरपण बंधनं आहेत, ‘तुमचा पाय गेला असता तर तुम्ही किती मागितले असते’ असं ज्युरीला विचारता येत नाही. आणि समोरच्याचा इन्शुरन्स आहे का, वकील फी किती घेणार, हे डोक्यातही आणायचं नाही असं बजावलेलं असतं, आता माणसं मनात आणत नसतील यावर माझा काही विश्वास नाही.

दंडाकडे आलं की नियम बदलतात. भरपाईसाठी पुरावा अर्ध्याहून जरासा जड असला तरी पुरतो. दंडासाठी पुरावा बराच भक्कम लागतो आणि नुसता निष्काळजीपणा चालत नाही, द्वेष, दडपशाही किंवा फसवणूक दाखवावी लागते. कंपनी किती श्रीमंत आहे हे भरपाईच्या वेळी पूर्ण गैरलागू, कारण मोडलेल्या हाडाची किंमत मोडणाऱ्याच्या बँक बॅलन्सवर ठरत नाही, पण दंडाला तो महत्त्वाचा मुद्दा, म्हणून कंपनीने मागणी केली तर कॅलिफोर्नियात आधी दोष आणि भरपाई ठरते आणि मगच तिची संपत्ती ज्युरीपुढे येते. आणि आकडा? तिथे तर बिलाचा आधारही नाही. कानेमन, श्केड आणि सनस्टीन या अभ्यासकांनी लुटुपुटीच्या ज्युरी बसवून बघितलं, तर वागणं किती वाईट होतं यावर लोकांचं बऱ्यापैकी एकमत होतं पण त्याचे डॉलर करायला सांगितले की आकडे कुठल्या कुठे, आणि एकत्र चर्चा केल्यावर दंड कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा. मला हे पटतं, कारण चिडलेल्या माणसांत बसून ‘जरा कमी करूया’ म्हणणं कुणालाच सोपं जात नाही.

म्हणूनच वरची कोर्टं दंडावरच जास्त कात्री चालवतात. अलाबामातल्या एका डॉक्टरने नवी म्हणून घेतलेली बीएमडब्ल्यू विकण्याआधी परत रंगवलेली निघाली, भरपाई ४ हजार आणि दंड ४० लाख डॉलर! राज्याच्या कोर्टाने तो अर्धा केला, १९९६ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं तरीही फारच होतंय, आणि शेवटी उरले ५० हजार. २००३ ला स्टेट फार्म या इन्शुरन्स कंपनीच्या केसमध्ये भरपाई होती १० लाख आणि दंड साडेचौदा कोटी, तिथे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दंड भरपाईच्या नऊपटीपुढे गेला तर तो सहसा टिकायचा नाही. मजा अशी की हा नियम साधारणपणे ज्युरीला सांगतच नाहीत, ती आपली आकडा लिहून घरी जाते.

पैसे हातात येतानाही फरक आहेच. शारीरिक इजेच्या भरपाईवर फेडरल इन्कम टॅक्स नाही, दंडावर जवळपास नेहमीच आहे. कॅलिफोर्नियात भरपाई इन्शुरन्स कंपनी देऊ शकते पण दंड मात्र दोषी पार्टीला स्वतःच्याच खिशातून भरावा लागतो. आणि जॉर्जियात सदोष मालाच्या केसमध्ये दंड झाला तर त्यातला ७५ टक्के हिस्सा, खर्च आणि वकिलाची फी वजा करून, राज्याच्या तिजोरीत जातो.