वटवाघळाचं उष्टं: निपाहच्या मागची गोष्ट

केरळात निपाह या जीवघेण्या विषाणूची बातमी आली की कोकणात लगेच वडावरच्या वटवाघळांकडे बोटं जातात, म्हणून जरा मागचं सांगतो.

आमच्या वडाखाली सकाळी उंडीच्या बिया पडलेल्या असायच्या, वरचा गर कुरतडलेला. आजी त्या वेचून वाळवायची, दिव्याला तेल काढायची. ही मोठी फळखाऊ वटवाघळं टेरोपस प्रजातीतली, जिच्यात साठेक जाती, मादागास्करपासून ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांपर्यंत. फळ तोंडात दाबून रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा ही यांची सवय, आणि सगळी गोम त्या लाळेत नि लघवीतच आहे.

१९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या हेन्ड्रा उपनगरात रेसचे घोडे पटापट मेले, त्यांचा ट्रेनरही गेला, तो हेन्ड्रा विषाणू, म्हणजे निपाहचाच भाऊबंद, पुढे टेरोपसमध्ये सापडला. मग १९९८-९९ ला मलेशिया. तिथे डुकरांच्या गोठ्यालगतच आंब्याची झाडं, उष्टी फळं खाली पडायची, डुकरं खायची. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं जपानी मेंदूज्वर आहे, म्हणून डासांची फवारणी आणि लसी चालू, त्यात किती वेळ गेला बघा! १०५ माणसं गेली, दहा लाखांवर डुकरं मारली. नाव पडलं सुंगाई निपाह या गावावरून.

बांगलादेशात डुकरांचा संबंधच नाही, तिथे खजुराच्या रसाच्या मडक्यांवर वटवाघळं रात्री येतात आणि लोक तो रस कच्चाच पितात. आपल्याकडे २००१ ला बंगालातलं सिलिगुडी, २००७ ला तिथलाच नदिया जिल्हा, मग २०१८ ला केरळातलं कोझिकोड. तिथे आधी विहिरीतली वटवाघळं पकडून तपासली, ती निघाली किडे खाणारी, रिपोर्ट निगेटिव्ह, पण अफवा तोवर पार कोकणात पोचली होती. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं तपासली, त्यांच्यात निपाहच्या अँटिबॉडी मिळाल्या, पण ती रुझेटस, म्हणजे गुहेत राहणारी वेगळी फळखाऊ वटवाघळं, टेरोपस नव्हेत.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघूळ उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी यादीत होतं, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू, त्यामुळे उठवलेली वसाहत लवकर भरून येत नाही हो. २०१८ लाच आमच्या वाडीत वडाच्या दोन फांद्या तोडल्या, फटाके लावले, वटवाघळं उठली ती महिनाभर आमच्या परसातल्या चिकूंवर येऊन बसली, बरोबर विहिरीच्या वर.