‘हळद’ पीसीवर अडते, रास्पबेरी पायवर चालते

सांगलीतल्या आडत्याची हिशेबपट्टी छापणारा प्रोग्राम म्हटला की त्यात ‘हळद’ हा शब्द येणारच. प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा, सी भाषेत लिहिलेला कम्पायलर हा शब्द अक्षरांत वाचत नाही, बाइटमध्ये वाचतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला ३ बाइट लागतात, म्हणजे ‘हळद’चे झाले ९. त्यातला ‘ह’ असा: २२४, १६४, १८५.

हा २२४ सीच्या ‘कॅर’ (char) या एका बाइटच्या प्रकारात ठेवला की घोळ सुरू. इंटेलच्या पीसीवर कॅर साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) असतो, −१२८ ते १२७. तिथे २२४ चा −३२ होतो. लिनक्स चालणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कॅर अनसाइन्ड (० ते २५५), म्हणून २२४ तसाच राहतो. सीच्या मानकाने दोन्हींना मुभा दिली आहे.

लेक्सर, म्हणजे कम्पायलरचा मजकुरातून शब्द पाडणारा भाग, हा आकडा घेऊन २५६ खणांच्या तक्त्यात बघतो: अक्षर, अंक की मोकळी जागा? −३२ वा खण तक्त्यात नाहीच. त्याच्या आधीच्या मेमरीत जे पडलं असेल ते हाती लागतं. तक्त्याऐवजी ‘इजअल्फा’ हे अक्षर ओळखणारं सीचं तयार फंक्शन वापरलं तरी सुटका नाही. लिनक्सची सी लायब्ररी जीलिबसी ऋण आकडे निमूट चालवून घेते, विंडोजचा डीबग बिल्ड (चुका शोधायला बांधलेला प्रोग्राम) मात्र जागीच थांबतो. (थांबणारा बरा, निदान कळतं तरी.) उपाय एका ओळीचा: तक्त्यात बघण्याआधी बाइट अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करायचा, म्हणजे त्या प्रकारात बदलून घ्यायचा.

याच्या उलटी चूक फाइल संपताना होते. फाइलीतून एकेक बाइट वाचणारं ‘गेटसी’ इंट (कॅरपेक्षा मोठा पूर्णांक) देतं, फाइल संपली की −१. तो कॅरमध्ये घेतला तर पायवर २५५ होतो, −१ शी कधीच जुळत नाही आणि लूप फिरतच राहतो. पीसीवर हे चालून जातं. फक्त खरा २५५ बाइट आला तर फाइल अर्ध्यातच संपते. यूटीएफ-८ मध्ये तो बाइट येतच नाही, म्हणून मराठी फाइलींवर कितीही चाचण्या घेतल्या तरी हा दोष दिसत नाही. इथे व्हेरिएबल इंटच हवा.

दुसरं यंत्र नसेल तर जीसीसी या सी कम्पायलरला कॅर आधी साइन्ड, मग अनसाइन्ड धरायला सांगून दोनदा बिल्ड करा.

‘लाँग’ या पूर्णांकाच्या प्रकाराचंही तसंच: ६४-बिट लिनक्सवर ८ बाइट, विंडोजवर ४. रक्कम पैशांत ठेवली तर ४ बाइटांत २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांच्या पुढे जाता येत नाही. स्थिरांकांसाठी (प्रोग्राममध्ये लिहिलेल्या आकड्यांसाठी) ठरीव ६४-बिटी प्रकार घ्या, छापायचा फॉरमॅटही त्याला जुळणारा.

आणि कास्टच्या कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांत) स्पेस-टॅबची आवराआवर घुसडू नका. तपासणाऱ्याला चारशे बदललेल्या ओळींत ती एक ओळ सापडत नाही.