पानझडी जंगलातील गोगलगायींची पाहणी

समशीतोष्ण पानझडी जंगलाच्या आखून घेतलेल्या तुकड्यात भूचर गोगलगायींच्या कोणत्या जाती राहतात आणि कोणती किती आहे, हे शोधण्याची क्षेत्रीय पद्धत. शंख नसलेल्या गोगलगायीही यात मोजतात.

खरी अडचण आकाराची आहे. युरोपातली हेलिक्स पोमॅटिया ही चार-पाच सेंटिमीटरची गोगलगाय कुणालाही दिसते. पण तिथल्या जंगलातल्या कित्येक जाती पाच मिलिमीटरच्या आतल्या असतात. पंक्टम पिग्मियमचा पूर्ण वाढलेला शंख जेमतेम दीड मिलिमीटर रुंद आणि तपकिरी असतो. ओल्या पानाच्या पाठीवर तो मातीचा कण वाटतो. त्यामुळे नुसत्या नजरेने केलेली यादी मोठ्या जातींकडे झुकते आणि जंगलाला आहे त्याहून गरीब ठरवते.

म्हणून दोन पद्धती जोडीने वापरतात. पहिली हाताने शोधण्याची: बुंध्याचा पायथा, सुटलेली साल, शेवाळ, कुजके ओंडके. ओंडका उलटला की तो पुन्हा तसाच ठेवायचा, नाहीतर खालची ओल जाते आणि जे मोजायला आलो तेच मरते. क्लॉसिलिइडी कुळातल्या चातीसारख्या, बहुधा डावखुऱ्या वळणाच्या गोगलगायी पाऊस पडला की खोडावर चढतात आणि कोरड्या दिवसांत सालीच्या भेगांत दडतात. साहजिकच वसंत आणि शरद ऋतूंतले ओले दिवस कामाचे.

दुसरी पद्धत पालापाचोळ्याची. ठरलेल्या मापाचा पाचोळा वरच्या मातीसकट उचलून चाळतात, वाळवतात आणि चाळून निघालेला बारीक भाग सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटचिमूट निवडतात. हे काम तासन्‌तास चालते, पण बारीक जाती इथेच हाती लागतात. जिवंत प्राणी आणि रिकामे शंख वेगळे मोजलेच पाहिजेत: चुनखडीच्या जमिनीत रिकामा शंख वर्षानुवर्षे टिकतो, आम्लधर्मी जमिनीत लवकर विरघळतो. दोन्हींची बेरीज केली तर दोन जंगलांची तुलनाच फसते.

एकाच नगावर नोंदलेल्या जाती बऱ्याच असतील, तर अजून काही जाती निसटल्या आहेत असे समजावे. पिल्लांची जात ठरवणे अवघड असते. एरियनसारख्या बिनशंखी वंशात तर काही जाती जननेंद्रियांचे विच्छेदन केल्याशिवाय ओळखता येत नाहीत.

शंखासाठी कॅल्शियम लागते, म्हणून मातीचा सामू (आम्लता) आणि झाडांच्या जाती यांचीही नोंद ठेवतात. ॲश, लिंडेन, मेपल यांच्या पाचोळ्यातले कॅल्शियम गोगलगायींना सहज मिळते. बीच आणि ओकच्या पानांत ते बरेचसे ऑक्झलेट या सहज न विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात अडकलेले असते. नेदरलँड्समध्ये आम्लीकरणाने कॅल्शियम घटलेल्या जंगलांत गोगलगायी कमी झाल्या आणि ग्रेट टिट पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे सदोष निघू लागली, हे 1990 च्या दशकातल्या संशोधनाने दाखवून दिले. या माद्या अंड्यांसाठी लागणारे कॅल्शियम मुख्यतः गोगलगायींच्या शंखांतून मिळवतात.